विश्वकर्म्याच्या यादीत तंबोरा नाही

माननीय केंद्रीय सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगमंत्री यांस,



मी गाणं शिकवते. माझा तंबोरा मिरजेचा. जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीचा तार गुंजवणारा आकार, उतरली की तो घेऊन मी सतारमेकर गल्ली गाठते. कारागीर घोडीवर बारीक कानस हलकेच फिरवतो, तार छेडतो, कान लावतो, पुन्हा फिरवतो. घासलेलं डोळ्यांना दिसतही नाही, पण खर्ज भरून बोलू लागतो. हात जरा जड पडला की पुन्हा पहिल्यापासून. हा कान वडिलांच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं तयार होतो.

हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी इथे एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं करायला घेतली. फरीदसाहेब शिकलगार हे त्यातलं पहिलं नाव. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. गल्लीत पेढे वाटावेत अशीच ती बातमी होती.

पण कारागिरांसाठीची आपली पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झाली, तिच्या अठरा व्यवसायांत सुतार आहे, कुंभार आहे, शिंपी, न्हावी, हार करणारा आहे. ते असायलाच हवेत. वाद्य घडवणारा मात्र नाही. 'सुतार म्हणून अर्ज करा' असं कुणी सुचवेल. साहेब, तंबोऱ्याचा भोपळा सुतार कोरत नाही, आणि जवारी रंध्याने निघत नाही.

नुसतं नाव घालूनही भागणार नाही. योजनेत मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं, रोज ५०० रुपये विद्यावेतनाचं. पुढचं, पंधरा किंवा अधिक दिवसांचं. पंधरा दिवसांत मुलगा तार चढवायला शिकेल. कारागिरांच्या घरातली पोरं या धंद्यात येत नाहीत ती आळसामुळे नव्हे. शिकण्याच्या वर्षांत घर कसं चालवायचं, हा त्यांचा प्रश्न आहे.

भोपळ्याचंही तेच. तो पंढरपूरकडच्या शेतांतून येतो. खायच्या उपयोगाचा नाही, पावसात सडला तर वर्ष गेलं. शेतकरी उसाकडे वळला, तर त्याला बोल कसा लावायचा?

म्हणून दोन गोष्टी मागते. वाद्यनिर्मितीचा एकोणिसावा व्यवसाय यादीत घाला, आणि त्यात उस्तादाकडे राहून शिकणाऱ्या मुलाला निदान तीन वर्षं विद्यावेतन द्या. भोपळ्याच्या हमी खरेदीसाठी राज्याच्या कृषी खात्याला मी वेगळं पत्र लिहिते आहे. निर्णयाआधी आपण एकदा मिरजेला या. जवारी लावताना समोर बसा.

आपली,
एक संगीतशिक्षिका