बरी झाली, पण न्यायची कुणी?

मैत्रिणींनो, बाळंतपण असो की ऑपरेशन, दवाखान्यातून सोडायला अर्धा दिवस उशीर झाला तरी आपला जीव मेटाकुटीला येतो. पण डॉक्टरांनी 'बरी झाली' असा शेरा दिल्यावरही महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं वॉर्डातच राहणाऱ्या बायका आपल्याच राज्यात आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या सरकारी मनोरुग्णालयांत त्या भेटतात.

आजार आहे म्हणून त्या तिथे नाहीत. न्यायला कुणी येत नाही म्हणून आहेत. नवरा आजारी पडला तर बायको सेवा करते, बरा झाला की घरी नेते. बायको आजारी पडली की सासर म्हणतं, माहेरी न्या. माहेर म्हणतं, आम्ही लेक दिली, आता ती तुमची. दाखल करताना लिहून दिलेला पत्ताही कधी खोटा निघतो.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मात्र स्पष्ट आहे. घरचे स्वीकारत नाहीत, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणाने कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येत नाही, असं त्याचं कलम 19 सांगतं. घरच्यांनी टाकलेल्या व्यक्तीला कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क बजावता यावा, म्हणून कायदेशीर मदतीसह आधार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

मग अडतं कुठे? बाईला कुणाच्या तरी 'ताब्यात' द्यायला हवं, या समजुतीत. ती काही हरवलेली वस्तू नाही! सज्ञान बाई बरी झाली की कुठे राहायचं हे तिला विचारा. त्याची तयारी ती दाखल झाल्यापासूनच करा: कागदपत्रं, औषधांची सोय, हाताला काम, राहायला जागा.

हे होऊ शकतं. चेन्नईत 1993 साली सुरू झालेल्या 'द बॅनियन' संस्थेने 'होम अगेन' उपक्रमात अशा चार-पाच जणींना साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरात एकत्र राहायला मदत केली. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'तराशा' प्रकल्पाने मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या बायकांना निवारा आणि रोजगारासाठी साथ दिली. असं काम चार संस्थांच्या जिवावर सोडू नये. सरकारने ते जिल्ह्याजिल्ह्यांत करावं, ही मागणी आपण लावून धरू.

आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारू. उद्या अशा चौघी आपल्या इमारतीत भाड्याने जागा मागायला आल्या, तर आपण काय उत्तर देऊ?