धक्का कोणाचा, हिशेब कोणापुढे?

बंदरांत स्पर्धा आणा, मग सरकारी देखरेखीचे लोढणे आपोआप गळून पडेल, असे गेली तीस वर्षे आपल्याला सांगितले जात आहे. हा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी मुंबई बंदराचा इतिहास वाचलेला दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात येथील पूर्व किनाऱ्याचा मोठा भाग एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी आणि इतर खाजगी मालकांच्या हाती होता. किनाऱ्याचा मालक तोच व्यापाराचा धनी ही अवस्था ब्रिटिश सरकारलाही परवडली नाही. १८७० साली सरकारने त्या कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. हे काही समाजवादाच्या प्रेमापोटी घडले नव्हते. समुद्राच्या दाराची किल्ली एकाच्या खिशात राहू नये, एवढे व्यवहारज्ञान साम्राज्यवाद्यांनाही होते.

स्वातंत्र्यानंतर १९६३ च्या प्रमुख बंदर विश्वस्त कायद्याने त्या व्यवस्थेत कामगारांना कायदेशीर स्थान दिले. विश्वस्त मंडळावर बंदरात काम करणाऱ्या श्रमिकांचे किमान दोन प्रतिनिधी असावेत आणि त्यांच्या नेमणुकीपूर्वी नोंदणीकृत संघटनांचे मत घ्यावे, अशी त्यात तरतूद होती. पी. डिमेलो यांच्यासारख्यांनी गोदी कामगारांना संघटित केले नसते, तर ही तरतूद कागदावरसुद्धा आली असती का, याची शंकाच आहे.

१९९७ साली दोन गोष्टी बरोबरच झाल्या. न्हावाशेवा येथे खाजगी कंटेनर टर्मिनलचा पहिला करार झाला आणि प्रमुख बंदरांच्या दरांसाठी एक स्वतंत्र प्राधिकरण अस्तित्वात आले. त्या प्राधिकरणाचे गुणगान करण्याचे कारण नाही. खर्च दाखवा आणि दर वाढवून घ्या, ही पळवाट त्याच्या पद्धतीत होती. सरकारला द्यायचे स्वामित्वधन ग्राहकाच्या दरात चढवायचे की नाही, यावरही वाद झाले. तरीही दरवाढीचा प्रस्ताव बंदर वापरणाऱ्यांकडे जाई, सुनावणी होई आणि कारणांसह निर्णय राजपत्रात छापला जाई. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याला कारण सांगावे लागे.

२०२१ च्या प्रमुख बंदर प्राधिकरण कायद्याने हे दार बंद केले. नव्या करारांतील खाजगी चालकाला बाजारस्थिती पाहून दर ठरवण्याची मुभा मिळाली. चालक अनेक आहेत, ते एकमेकांना वेसण घालतील, असे त्यामागचे समर्थन आहे.

हे समर्थन तपासून पाहू. नाशिकचा द्राक्षबागायतदार आपला माल परदेशी पाठवतो, तेव्हा कोणत्या टर्मिनलवर कंटेनर चढवायचा हे तो ठरवतो काय? ते जहाज कंपनी ठरवते. टर्मिनलवरील हाताळणीचा आकार तीच कंपनी वसूल करते आणि तो बोजा अखेर बागायतदाराच्या माथी बसतो. म्हणजे निवड एकाची, पैसा दुसऱ्याचा. टर्मिनलांची चढाओढ आहे ती जहाज कंपनीची मर्जी संपादण्यासाठी. तेथेही न्हावाशेव्यातील एक टर्मिनल मर्स्क समूहाच्या कंपनीचे. बंदराचे स्वतःचे टर्मिनल २०२२ साली ज्या समूहाकडे गेले, त्यातही फ्रान्सच्या सीएमए सीजीएम या जहाज कंपनीचा वाटा आहे. गिऱ्हाईक आणि दुकानदार एकाच घरचे असतील, तर बाजार कोणाशी स्पर्धा करणार? तिकडे राज्यांच्या अखत्यारीतील बंदरांवर ते दर प्राधिकरण कधी नव्हतेच. मुंद्रा चालवणाऱ्या अदानी समूहाने २०२० साली कृष्णपट्टणम आणि २०२१ साली गंगावरम व आपले दिघी घेतले. बंदरांची संख्या तीच राहिली, मालक मात्र कमी झाले. स्पर्धेचे पुजारी याबद्दल फारसे बोलत नाहीत.

कामगारांची जागा नव्या मंडळावरही ठेवली आहे, असे मंत्री सांगतात. शब्द नीट वाचावेत. जुन्या कायद्यात ‘बंदरात काम करणारे श्रमिक’ होते, नव्यात ‘प्राधिकरणाचे कर्मचारी’ आहेत. न्हावाशेव्यात टर्मिनले खाजगी चालकांकडे आहेत. तेथील क्रेनवरचा, यार्डातला, लॅशिंगचा कामगार प्राधिकरणाचा कर्मचारीच नाही. ज्याच्या अंगावर कंटेनर कोसळू शकतो, त्याचा माणूस त्या मंडळावर बसू शकत नाही.

हे सारे आता वाढवणला लागू होणार आहे. जून २०२४ मध्ये केंद्राने ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदराला मंजुरी दिली. त्यात न्हावाशेव्याच्या प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे. टर्मिनले खाजगी भागीदारीत उभी राहतील. १९९८ साली याच ठिकाणच्या बंदराला डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने नकार दिला होता. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने अटींसह परवानगी दिली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध आहेच, आणि न्हावाशेव्यासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्याच्या पुनर्वसनाचे काय झाले हे त्यांना चांगले ठाऊक आहे. त्यांच्या लढ्यात आपण असलेच पाहिजे. परंतु बंदराला विरोध करणाऱ्यांनी कराराच्या मसुद्याकडे पाठ फिरवून चालणार नाही. टर्मिनलांच्या निविदा निघण्यापूर्वी तीन मागण्या विधानसभेत आणि रस्त्यावर लावून धरायला हव्यात : प्रत्येक करार सह्या होण्याआधी जाहीर व्हावा, दरवाढीवर उघड सुनावणी व्हावी, आणि मंडळावर कंत्राटी कामगारांचा व मच्छीमारांचा निवडून दिलेला प्रतिनिधी असावा. सागरी मंडळ राज्याचे आहे, तेव्हा २६ टक्क्यांच्या बळावर राज्य सरकारला यातले बरेच काही मागता येते. मागितले आहे काय, हा प्रश्न पालघर आणि रायगडच्या आमदारांना या अधिवेशनातच विचारावा.