नानकटाईचा ट्रे : स्वस्त कोणता?

वस्तूची खरेदीकिंमत आणि तिचा खरा खर्च यांतील फरक व्यापारी कुटुंबांना नव्याने सांगावा लागत नाही. दुकानात पाळला जाणारा हा नियम स्वयंपाकघरात मात्र अनेकदा विसरला जातो. नानकटाई भाजण्याचा ट्रे हे त्याचे साधे उदाहरण होय.

पूर्वी दिवाळीच्या आधी घरी मळलेले पीठ बेकरीच्या भट्टीवर नेऊन भाजून आणण्याची रीत होती. त्याच ट्रेवर अंड्याचे पदार्थही भाजले जात असतील, ही शंका मनात राही. घरात ओटीजी आला आणि ती मिटली. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने वसवलेल्या चारकोपमध्ये भूखंड लहान, घरे आटोपशीर. तेथे ओटीजीही बहुधा लहानच मावतो. अशा घरातून ऑर्डरचे डबे भरणाऱ्या गृहिणीला प्रत्येक घाणा मोलाचा असतो.

ट्रे घेताना प्रथम धातू पाहावा. ॲल्युमिनियम हे स्टेनलेस स्टीलपेक्षा दहापटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे नानकटाई सर्वत्र सारखी भाजते. मात्र ते वजनाला स्टीलच्या सुमारे एकतृतीयांश असल्याने हातातील जडपणावरून पारख करू नये, पत्र्याची जाडी पाहावी. २२ गेजचा पत्रा सुमारे ०.७ मिलिमीटर, तर १८ गेजचा सुमारे १.२ मिलिमीटर जाड असतो. पातळ पत्रा तापल्यावर वाकतो आणि तूप एका बाजूस ओघळते. ट्रे सपाट फरशीवर ठेवून चारही कोपरे दाबावेत. डुगडुगला तर परत करावा.

काळा ट्रे उष्णता अधिक शोषतो, म्हणून नानकटाईचा तळ लवकर करपतो. फिकट रंगाचा बरा. नानकटाईत तूप पुरेसे असल्याने ती सहसा चिकटत नाही. म्हणून नॉनस्टिक थरासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. ओटीजीचे माप आतून घ्यावे आणि ट्रेच्या चारही बाजूंस दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी राहील असे पाहावे.

आता हिशेब. भाजण्यास वीस मिनिटे आणि ट्रे निवून पुन्हा मांडण्यास वीस मिनिटे धरली, तर एका ट्रेवर चार तासांत सहा घाणे निघतात. दोन ट्रे असतील तर बारा. प्रत्येक घाण्यात पंधरा नग धरल्यास नव्वदऐवजी एकशे ऐंशी. सूर्यास्तापूर्वी चूल आवरणाऱ्या घरात हा फरक मोठा आहे. शिवाय गरम ट्रेवर घाईने पुढचा घाणा मांडला, तर तूप वितळून नानकटाई पसरते. तो तोटा वेगळाच.

तेव्हा एका महागड्या ट्रेच्या पैशांत भुलेश्वर-काळबादेवीच्या भांडीबाजारातून जाड पत्र्याचे दोन साधे ट्रे घ्यावेत. भांडवल तेवढेच राहते, उलाढाल दुप्पट होते.