रंग शेवटी निवडा

विजेच्या सायकली विकणाऱ्यांनी अलीकडे एक नवी गंमत काढली आहे. 'तुमची सायकल तुम्हीच घडवा', असं म्हणतात. फ्रेमचा रंग निवडा, सीटचं कव्हर निवडा, हँडलच्या मुठी निवडा, पुढची वेताची टोपली हवी की नको ते सांगा, मडगार्डवर नावही घालून देतो. ब्रेक कुठला? तो ठरलेला. बॅटरी? तीही ठरलेली. पायडलच्या दांड्याची लांबी? असं काही असतं हे सांगणाऱ्यालाच ठाऊक नसतं. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. ज्या सायकलीत डोळ्यांना दिसणारं सगळं निवडता येतं आणि जिवाशी गाठ असलेलं काहीच निवडता येत नाही, ती गिऱ्हाइकाच्या मापाची नाही, दुकानदाराच्या सोयीची आहे.

या विषयात मी पडलो तो एका प्रश्नामुळे. माझ्या पहिल्या युनिटमधले सुभेदार मेजर साहेब निवृत्त होऊन देवगडजवळ आपल्या गावी राहतात. नोकरीतली बरीच वर्षं डोंगरात गेली, गुडघे तिथेच खर्ची पडले. आता बाजारात जायचं तर सुनेच्या स्कूटरवर मागे बसावं लागतं, आणि हे त्यांना गुडघ्यांपेक्षा जास्त दुखतं. नातवाने मोबाइलवर एक झोकदार बीच क्रूझर दाखवली. किंमत लाखाच्या वर. साहेबांनी मला विचारलं, "सर, घेऊ का?" ज्या माणसाने आयुष्यभर माझ्यासारख्या कोवळ्या लेफ्टनंटांना चुकीच्या वाटेवरून मागे ओढलं, त्याला अंदाजपंचे उत्तर देणं बरं नव्हे. योगायोगाने इथे गोपाळपूरला, ओडिशाच्या किनाऱ्यावर, एका सहकाऱ्याकडे त्याच घाटाची सायकल आहे. ती मागून घेतली आणि तीन आठवडे चालवली.

फौजेत कुठलंही सामान घेण्याआधी ते जिथे वापरायचं तिथे नेऊन तपासतात. वाळवंटासाठीची वस्तू मे महिन्यात वाळवंटात, डोंगरासाठीची थंडीत डोंगरावर. शिवाय ती दुरुस्त करायला किती वेळ आणि किती अवजारं लागतात, याची वेगळी चाचणी असते. सायकलीला हाच न्याय का लावू नये?

आधी या सायकलीचं कूळ पाहू. १९३३ साली अमेरिकेत मंदीचा कहर असताना शिकागोच्या श्विन कंपनीने जाड, फुगीर टायरची सायकल बाजारात आणली. टायर सव्वादोन इंचांच्या आसपास, फ्रेम भारी, हँडल रुंद आणि मागे वळलेलं. गिऱ्हाईक म्हणजे शाळकरी मुलं, म्हणून तिला मोटारसायकलचं रूप दिलं होतं. वरच्या नळ्यांच्या मध्ये पेट्रोलच्या टाकीसारखा पोकळ डबाही असे. पुढे हीच सायकल कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यांवर रुळली आणि क्रूझर झाली. आजच्या विजेच्या क्रूझरमध्ये त्याच खोट्या टाकीत पुष्कळदा खरी बॅटरी बसवतात. दिसायला देखणी, हे मी मान्य करतो.

पण त्या कुळाचा एक दोषही वारशाने येतो. जुन्या क्रूझरला मुठीतला ब्रेक नसे. पायडल उलटं दाबलं की मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक लागे. सपाट किनाऱ्यावर तेवढं पुरे. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरीन काउंटीतली काही तरुण मंडळी याच जुन्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावू लागली. हब इतका तापे की आतलं ग्रीस जळून जाई आणि पुन्हा भरावं लागे. म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. आजची माउंटन बाइक जन्मली ती तिथून. क्रूझरच्या इतिहासातला पहिला धडा ब्रेकचा आहे, आणि तोच विक्रेत्यांच्या यादीत नाही.

मोटार आणि बॅटरी बसवली की सायकलीचं वजन पंचवीस-तीस किलोंवर जातं. वर सत्तर-ऐंशी किलोंचा माणूस, टोपलीत भाजी आणि नारळ. एवढं ओझं पंचवीसच्या वेगात थांबवायला मागचा एकटा ब्रेक अपुरा आहे. पुढे-मागे दोन्हीकडे डिस्क ब्रेक हवा, आणि मूठ दाबताक्षणी मोटार बंद करणारा स्विच हवा. मी चालवलेल्या सायकलीत मागे डिस्क होता, पुढे साधा रबरी ब्रेक. पहिल्या पावसात तो ओला झाला आणि मला जिथे थांबायचं होतं त्याच्या बऱ्याच पुढे जाऊन थांबलो. पुढेही डिस्क लावून मिळेल का, असं सहकाऱ्याने घेताना विचारलं होतं. मिळणार नाही म्हणाले. सीट मात्र सहा रंगांत होती.

आता शरीराचं माप. दुखऱ्या गुडघ्यासाठी क्रूझरची ठेवण मुळात चांगली आहे. पाठ ताठ राहते, हातांवर भार येत नाही, आणि पायडल जरा पुढे असल्याने सीटवर बसल्या-बसल्या पाऊल जमिनीला टेकतं. वयस्क माणूस सायकलीवरून पडतो तो पुष्कळदा चढताना, उतरताना नाहीतर थांबताना. म्हणून वरची दांडी नसलेली, पाय सहज पलीकडे टाकता येईल अशी फ्रेम घ्यावी. तिला बायकांची सायकल म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या गुडघ्यांचं मत विचारावं. पायडलचा दांडा साधारणपणे १७० मिलिमीटरचा असतो. तो १६० किंवा त्याहून कमी केला की प्रत्येक फेऱ्यात गुडघा कमी वाकतो. खर्च थोडा, फरक मोठा.

मोटार कधी मदत करते, हेही विचारायला हवं. काही सायकलींत पायडल फिरतंय एवढं कळलं की मोटार चालू होते. काहींत पायाचा जोर मोजून त्या प्रमाणात मदत मिळते. दुसरी पद्धत अधिक सहज वाटते, पण ज्याच्या पायात जोरच कमी आहे त्याला ती मदतही हात राखून करते. पहिलीत जोर लागत नाही, मात्र मोटार क्षणभर उशिरा जागी होते आणि एकदम ढकलते. गर्दीत हा धक्का घातक ठरतो. सुभेदार साहेबांसारख्यांनी पहिली घ्यावी, मदतीची पातळी सगळ्यात खाली ठेवावी आणि मोकळ्या मैदानात आठ दिवस सराव करावा. दुकानदार हा फरक समजावून सांगत नसेल तर दुसऱ्या दुकानात जावं.

बॅटरीचा हिशेब घरच्या घरी करता येतो. ३६ व्होल्ट गुणिले १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॉट-अवर. विजेच्या बिलाच्या भाषेत अर्ध्या युनिटपेक्षाही कमी, म्हणजे टाकी भरायला चार रुपयेही पुष्कळ. पाटीवर पन्नास किलोमीटर लिहिलं होतं. सकाळी वारा पडलेला असताना, पाय चालवत, मला चौतीस मिळाले. दुपारी समुद्रावरचा वारा सुटल्यावर बावीस. यात फसवणुकीपेक्षा भौतिकशास्त्र जास्त आहे. आपण वीसच्या वेगाने जात असू आणि समोरून वाराही वीसचा असेल, तर अंगावर येणारा विरोध दुप्पट नाही, चौपट होतो. आणि क्रूझरवर माणूस शिडासारखा ताठ बसलेला असतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याने पाटीवरचा आकडा निम्मा धरावा.

खाऱ्या हवेची गोष्ट कोकणातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. आठ दिवस पुसली नाही तर चेनवर तांबूस थर दिसतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये लोखंडी दांडा ग्रीस न लावता खोचला की खाऱ्या ओलाव्याने दोन्ही धातू एकमेकांना असे धरतात की सीट वर-खाली करणं विसरायचं. स्टेनलेस स्पोक, झाकलेली चेन आणि रबरी टोपी असलेले वायरींचे जोड, एवढं मागून घ्यावं. पाणी लागू नये म्हणून दिलेला आयपी आकडा साध्या पाण्याच्या चाचणीचा असतो, मिठाच्या पाण्याचा नव्हे.

आणि नाव 'बीच क्रूझर' असलं तरी ती पुळणीवर नेऊ नये. सुक्या वाळूत दोन इंची टायर रुततो, ओल्या वाळूत हबमध्ये खारं पाणी जातं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. गोपाळपूरच्या उत्तरेला ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी बहुतेक वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवं हजारोंनी, कधी लाखोंनी अंडी घालायला येतात. आपल्याकडे वेळासच्या किनाऱ्यावर हीच कासवं येतात. चाकाने दाबलेली वाळू आणि रात्रीचा दिवा दोन्ही पिल्लांच्या मुळावर येतात. उजेड दिसेल तिकडे ती समुद्र समजून निघतात. सायकल रस्त्यावर चालवावी, समुद्र बघायला पायी उतरावं.

आता फौजी माणसाचा आवडता विषय, दुरुस्ती. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्य मलायात उतरलं आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं. त्या सत्तर दिवसांत जपानी पायदळाचा मोठा भाग सायकलींवर होता. त्या सायकलींत विशेष काही नव्हतं. युद्धाआधी जपानने मलायात स्वस्त सायकली भरपूर विकल्या होत्या, त्यामुळे वाटेतल्या गावांत सुटे भाग आणि बदली सायकलीही हाती लागत. टायर फाटले तर सैनिक नुसत्या रिमवर पुढे जात. १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या वेढ्यात व्हिएतनामी हमालांनी सायकलींच्या हँडलला आणि सीटला काठ्या बांधल्या, फ्रेमला आधार दिला आणि एकेका सायकलीवर दोनशे किलोंहून जास्त माल ढकलत नेला. आपल्या गरजेप्रमाणे सायकल घडवणं म्हणजे हे. त्यात रंगाचा प्रश्न आला नाही.

देवगडच्या सायकलवाल्याने चाक काढून पंक्चर काढता आलं पाहिजे. मागच्या हबमध्ये मोटार असेल तर वायरीचा जोड सहज सुटणारा हवा. टायर, ट्यूब, चेन, ब्रेकचे पॅड बाजारात मिळणाऱ्या मापाचे हवेत. बॅटरी साधारण पाचशे ते हजार वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर थकते. तेव्हा तीच मिळेल का, आणि कितीला, हे आज लेखी घ्यावं. खोट्या टाकीत बसेल अशा खास आकाराची बॅटरी दिसते छान, पण कंपनीने गाशा गुंडाळला की लाखाची सायकल भंगारात जाते.

नोकरीत असलेल्यांसाठी दोन गोष्टी. १६० वॉट-अवरच्या वरची सुटी बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, ना हातात ना सामानात. पोर्ट ब्लेअर किंवा लेहची बदली आली तर हा प्रश्न उभा राहणारच. आणि शून्याच्या खालच्या थंडीत लिथियमची बॅटरी चार्ज केली तर ती आतून खराब होते. आधी खोलीत आणून ऊब येऊ द्यावी. मात्र झोपायच्या खोलीत किंवा दारातल्या वाटेवर चार्जिंग कुठेच करू नये.

कायदाही पाहून घ्यावा. आपल्याकडे मोटार २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरीशिवाय वजन ६० किलोंच्या आत आणि मान्य संस्थेची तपासणी असेल तरच ती सायकल. नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था. अमेरिकेत ७५० वॉटपर्यंत सूट आहे. तिथला माल दाखवून "जास्त ताकद देतो" म्हणणारा विक्रेता आपल्याला बिनानोंदणीचं, बिनाविम्याचं मोटार वाहन विकत असतो. उद्या कुणाला धक्का लागला तर भरपाई पेन्शनीतून जाईल.

मग घ्यावी का? माझं उत्तर हो असं आहे. खडकवासल्याला सकाळच्या थंडीत स्क्वाड्रनच्या रांगेत सायकल हाणलेल्या कुणालाही विचारा; आपल्या पायांनी कुठेतरी पोहोचणं ही काय चीज असते ते तो सांगेल. साठी ओलांडलेल्या माणसाला ती परत मिळत असेल तर लाख रुपये जास्त नाहीत. पण ही मोबाइलवरची सायकल नव्हे. सुभेदार साहेबांना मी लिहिलं आहे ते असं: कमी किमतीची, वरची दांडी नसलेली, दोन डिस्क ब्रेकची, आखूड पायडलची, बाहेरून काढता येणाऱ्या बॅटरीची सायकल शोधा. जे पैसे वाचतील त्यातून चांगलं हेल्मेट, आरसा आणि मागचा दिवा घ्या. दुकानात न्या आपल्या गावच्या मेकॅनिकला, नातवाला नव्हे. आणि दुकानासमोर दोन चकरा मारून पैसे देऊ नका. एकदा तरी वाऱ्याच्या तोंडावर, भरल्या टोपलीसह, घाटीच्या चढाला लावून बघा.

हे सगळं जमलं की मग रंग. ज्याने उभं आयुष्य एकाच हिरव्या रंगात काढलं, त्याने तो हौसेने निवडावा.