सातबारा नाही, म्हणून मातीची विद्याही नको काय?

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जो संगर झाला तो पाण्याच्या निमित्ताने झाला, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगेल. दरवर्षी आपण त्या दिवशी महाडास जातो, अभिवादन करतो, भाषणे ऐकतो आणि परत येतो. परंतु डोंगरावर पडलेला पाऊस कोणत्या खडकात मुरतो, कोणत्या उतारावरून माती घेऊन वाहून जातो, गावची विहीर फाल्गुनातच का आटते, हे शास्त्राने जाणणारे किती तरुण आपल्या समाजाने तयार केले, असा प्रश्न सभेत टाकला की शांतता पसरते. पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क आम्ही झगडून मिळविला. पाण्याची, मातीची आणि रानाची विद्या मात्र ज्यांच्या हाती होती त्यांच्याच हाती राहू दिली. हा दोष सर्वस्वी दुसऱ्याच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

मागे एका परिचिताच्या घरी गेलो होतो. गृहस्थ शाळेत शिपाई. मुलाला बारावी विज्ञानात बरे गुण होते. एका दलालाच्या नादी लागून त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढली आणि एका खासगी संस्थेत व्यवस्थापन कोट्यातून मुलाचा प्रवेश घेतला. अभ्यासक्रमाच्या नावात ‘पर्यावरण’ हा शब्द होता, एवढेच त्याचे वैशिष्ट्य. संस्थेला ना रोपवाटिका, ना मातीपरीक्षणाची प्रयोगशाळा, ना एक एकर रान. मी विचारले, “दापोलीला वानिकीचे सरकारी महाविद्यालय असताना हे कशाला?” ते म्हणाले, “गुरुजी, तिकडे झाडे लावायला शिकवतात म्हणे. माझ्या बापाने जन्मभर पाटलाची लाकडे फोडली. आता पोरानेही तेच करायचे काय?”

ह्या उत्तराचा उपहास मी करणार नाही. गावाची लाकडे फोडणे, मेलेली गुरे ओढणे, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे ही ज्या वतनाची कामे होती, ते वतन टाकून आपण माणसे झालो. खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर आहे, असे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्पष्ट सांगितले होते. तेव्हा मातीकडे परत चला, असे कोणी पोटभरू पुढारी म्हणू लागला तर आपला माणूस बिथरतो, आणि ते योग्यच आहे. पण मातीत राबणे निराळे आणि मातीचे शास्त्र जाणणे निराळे. लाकूड फोडणारा आणि कोणते लाकूड केव्हा तोडावे हे ठरविणारा, ह्या दोघांत जे अंतर आहे त्यालाच आजवर जात म्हणत आले. ते अंतर तोडण्याची संधी समोर असता आपण ‘झाडे लावण्याचे काम’ म्हणून तिच्याकडे पाठ फिरवितो. यात जुन्या व्यवस्थेचाच विजय नाही काय?

बाबासाहेबांनी पाठ फिरविली नव्हती. १९१८ साली हिंदुस्थानातील लहान धारणक्षेत्रांवर त्यांनी निबंध लिहिला, तो शेतजमिनीच्या अर्थशास्त्राचा निबंध होता. १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्याच खात्याने पुढे नेली आणि १९४५ साली पाटबंधारे व जलमार्गांसाठी केंद्रीय आयोग स्थापन झाला तोही त्याच खात्याखाली. आणि ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ ह्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून म्हातारा, रोगी आणि प्रेत यांची जुनी कथा त्यांनी नाकारली. त्या जागी शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा ठेवला. ज्या धम्माच्या आरंभीच पाण्याच्या वाटपाचा प्रश्न उभा आहे, त्या धम्माच्या उपासकांना जलसंधारण परके वाटावे, याचा विषाद वाटतो.

कोणी म्हणेल, हे सारे वाघ पाहणाऱ्या श्रीमंतांचे छंद. आम्हाला त्यांचे काय? हा समज तर फारच घातक आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांत गायरान आणि पडीक जमिनी हाच प्रश्न होता. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली झाला. तरी आजही मराठवाड्यात अशा कित्येक कुटुंबांच्या नावे सातबारा चढलेला नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्यास सांगितले. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांची दखल स्वतःहून घेतली. विदर्भातील रानालगतच्या बौद्ध कुटुंबांची गोष्ट आणखी कठीण. २००६ च्या वनहक्क कायद्याने अनुसूचित जमातीबाहेरच्या वननिवासींकडून १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांच्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या, वास्तव्याचा पुरावा मागितला आहे. अंमलदार येतो, नकाशा पसरतो, ‘हे वन आहे, ही पड आहे, येथे रोपवन होणार’ असे सांगतो. तो नकाशा वाचू शकणारा, ती जमीन कोणत्या प्रतीची आहे आणि तेथे काय पिकते हे कागदावर मांडू शकणारा माणूस आपल्या बाजूला एकही नसतो. वकील आहेत, पण वकिलाला पुरावा कोण तयार करून देणार?

आता शिकावे कोठे आणि किती खर्चात, हे पाहू. महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे आहेत : राहुरीचे (१९६८), अकोल्याचे (१९६९), आणि दापोली व परभणीची (दोन्ही १९७२). वानिकीची चार वर्षांची पदवी दापोली आणि अकोला येथे मिळते. चारही विद्यापीठांत कृषी अभियांत्रिकी आहे आणि तिच्यात मृद व जलसंधारण हा स्वतंत्र विषय आहे. बंधारा, शेततळे, पाणलोट यांची आखणी करणारा अभियंता येथूनच बाहेर पडतो. प्रवेश बारावी विज्ञान आणि राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा यांवर. ज्याला एवढे दूर जाणे शक्य नाही त्याने तालुक्याच्या अनुदानित महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा भूगर्भशास्त्र घेऊन साधी बी. एस्सी. करावी, हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि तो कमी प्रतीचा मुळीच नाही. डेहराडूनची वनसंशोधन संस्था १९०६ पासूनची, तेथे वानिकीच्या एम. एस्सी.ला विज्ञानाचा साधा पदवीधरही अर्ज करू शकतो. भोपाळला वनव्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था १९८२ पासून आहे. तेथील शुल्क मात्र भारी आहे, शिष्यवृत्तीची निश्चिती झाल्याखेरीज जाऊ नये.

महाविद्यालय चांगले की वाईट हे माहितीपत्रकाच्या गुळगुळीत कागदावरून ठरवू नका. बापाने मुलाबरोबर एक दिवस तेथे जावे. विद्यापीठाचे स्वतःचे घटक महाविद्यालय आहे की संलग्न विनाअनुदानित, हे पहिल्याने विचारावे. दोहोंच्या शुल्कात जमीनअस्मानाचा फरक असतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची मान्यता आहे काय? कायम शिक्षक किती आणि तासावर येणारे किती? मुलांना वर्षातून किती दिवस रानात नेतात? रोपवाटिकेत उभी असलेली रोपे कोणी लावली, हे तेथल्या विद्यार्थ्यालाच विचारावे. तो खोटे बोलत नाही.

येथे एका अन्यायाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. कृषी अभ्यासक्रमांच्या प्रवेशात सातबाऱ्याच्या उताऱ्यावर अधिभार देण्याची पद्धत महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आली. शेतकऱ्याच्या मुलाला उत्तेजन मिळावे, यास आमचा विरोध नाही. पण ज्यांना शतकानुशतके जमीन धारण करू दिली नाही, ज्यांची वतनी जमीनही कवडीमोलाने दुसऱ्याच्या घशात गेली, त्यांच्या मुलाने गुणवत्तेच्या यादीत मागे राहावे ते बापाजवळ जमिनीचा कागद नाही म्हणून? बांधावर राबणाऱ्या मजुराचे मूल मातीला कमी ओळखते काय? भूमिहीन शेतमजुराच्या पाल्यासाठी त्या त्या वर्षीच्या नियमांत काय तरतूद आहे, ती माहितीपत्रकात शब्दनशब्द वाचावी आणि तहसीलदाराचा दाखला लागत असल्यास तो वेळेवर काढावा. तरतूद तोकडी असेल तर तिच्यासाठी भांडणे हे आपल्या संघटनांचे काम आहे. पुतळ्याच्या उंचीवर जेवढे ठराव होतात त्यांच्या दशांश तरी ह्यावर व्हावेत.

पैशाविषयी फार लिहीत नाही, कारण मार्ग सरळ आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. त्यावर असेल तर राज्याची शिक्षण व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती. दोन्हींचा अर्ज महाडीबीटीवर. वसतिगृहात जागा न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना पाहावी. पण हे ध्यानात असू द्यावे की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झाला तरच शुल्क परत मिळते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला सरकार एक पैसाही देत नाही. वर सांगितलेल्या गृहस्थांचा निधी गेला तो येथेच.

आणि नोकरी? पदवी घेतली की नोकरी चालून येते असे सांगणारा लबाड समजावा. वनखात्यातल्या जागा मोजक्या आहेत. परंतु १९६६ साली स्थापन झालेल्या भारतीय वनसेवेची परीक्षा विज्ञान, कृषी, वानिकी, अभियांत्रिकी अशा पदव्यांनाच खुली आहे. कलाशाखेचा पदवीधर तेथे बसू शकत नाही. राज्य लोकसेवा आयोगाची वनसेवा, मृद व जलसंधारण खाते, भूजल सर्वेक्षण यंत्रणा ही दारे निराळी. अनुसूचित जातींच्या राखीव जागा तेथे आहेत, आणि त्या भरण्यासाठी आधी पात्र उमेदवार लागतो. आपली हजारो मुले कलाशाखेची पदवी घेऊन एकाच परीक्षेच्या रांगेत वर्षानुवर्षे उभी आहेत, त्यांपैकी काहींनी ही वाट धरली असती तर रांग थोडी तरी कमी झाली असती.

शेवटी दाखल्याची गोष्ट, कारण चांगली मुले गुणांवाचून नव्हे तर कागदावाचून अडतात. राज्याने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या; केंद्राने त्या १९९० च्या कायदादुरुस्तीनंतर दिल्या. म्हणून राज्याचा नवबौद्धाचा दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला हे दोन निराळे कागद आहेत. केंद्राच्या नमुन्यात अनुसूचित जातीचे नाव लागते. डेहराडून किंवा वनसेवा मनात असेल तर तोही काढून ठेवावा. ज्यांनी अलीकडे दीक्षा घेतली त्यांनी शाळेत आणि राजपत्रात धर्म बदलताना जुने दाखले उत्साहाच्या भरात फाडून टाकू नयेत. जातपडताळणी समिती १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागते : आजोबांचा शाळेतला दाखला, गाव नमुना चौदा, कोतवाल बुकातली जन्माची नोंद. जे नाव आपण टाकले तेच त्या पानावर शोधावे लागते, हे मनाला लागते खरे. पण ते पान तहसील कचेरीत वाळवी खाईपर्यंत थांबू नका. मुलगा किंवा मुलगी अकरावी विज्ञानाला गेली की त्याच वर्षी महाविद्यालयामार्फत पडताळणीचा अर्ज भरावा. बारावीच्या निकालानंतर धावाधाव केली तर समितीची तारीख प्रवेशाच्या तारखेनंतरची मिळते.