नॅपस्टरच्या आधीची रांग

आजचा धागा लांब आहे आणि थोडा भांडखोरही आहे. विषय अवघ्या पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा. 'याला इतिहास म्हणायचे का?' असे विचारणाऱ्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावे आणि मग खुशाल भांडावे.

इंटरनेटवरून फायलींची देवाणघेवाण कशी सुरू झाली, हे सांगणारा कोणताही लोकप्रिय लेख घ्या. तो बहुधा जून १९९९ मध्ये सुरू होतो. शॉन फॅनिंग नावाचा महाविद्यालयीन वयाचा तरुण 'नॅपस्टर' लिहितो, दोन वर्षांच्या आत अडीच कोटींहून अधिक लोक ते वापरू लागतात, संगीत कंपन्या न्यायालयात जातात, जुलै २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडते. नायक, उत्कर्ष, खटला, पतन. बखरीला जे जे लागते ते सगळे आहे. माझा आक्षेप एवढाच की ही बखरच आहे. नॅपस्टरच्या आधीचे जवळजवळ एक दशक तिने गिळले आहे, आणि का गिळले हे तपासण्याची तसदी कोणी घेत नाही.

ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने 'इंटरनेट रिले चॅट' म्हणजेच आयआरसी तयार केले. एकमेकांना जोडलेले सर्व्हर, त्यांवर '#' या चिन्हाने सुरू होणारी चॅनेल्स, आणि चॅनेलमध्ये टोपणनावाने वावरणारी माणसे, रचना एवढीच. मे १९९३ मध्ये या व्यवस्थेचे नियम लिखित रूपात प्रसिद्ध झाले, तेव्हाही ते गप्पांचेच नियम होते. फाईल पाठवण्याची तरतूद त्यांत नव्हती.

ती तरतूद वापरणाऱ्यांच्या बाजूने आली. युनिक्सवरील 'आयआरसी-टू' या क्लायंटमध्ये 'डीसीसी', म्हणजे एका क्लायंटकडून थेट दुसऱ्या क्लायंटकडे जाणारा मार्ग, काढण्यात आला. त्याची रीत समजून घेतली पाहिजे. सर्व्हरमार्फत फक्त एक ओळ जाते: 'डीसीसी सेंड', मग फाईलचे नाव, पाठवणाऱ्या यंत्राचा पत्ता, पोर्टचा क्रमांक आणि फाईलचा आकार. (पत्ता नेहमीसारखा चार भागांत नसतो, एका मोठ्या दशमान संख्येत असतो. जुन्या नोंदी कधी हाती आल्या तर हे ध्यानात ठेवा.) ती ओळ मिळताच घेणाऱ्याचे यंत्र देणाऱ्याच्या यंत्राशी थेट जोडले जाते आणि फाईल सर्व्हरला वगळून परस्पर जाते. सर्व्हर हा लग्न जमवणारा मध्यस्थ. पुढचा संसार दोघांचा. माझा पुढचा सारा युक्तिवाद या एका ओळीवर उभा आहे.

१९९५ मध्ये खालेद मर्दम-बे याने विंडोजसाठी 'एमआयआरसी' प्रसिद्ध केले आणि आयआरसी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून घराघरांत आले. एमआयआरसीमध्ये फाईल सर्व्हरचीही सोय आली. आपल्या संगणकातला एक फोल्डर खुला करायचा, एक संकेतशब्द जाहीर करायचा. चॅनेलमध्ये तो कोणी टंकला की त्याच्यासाठी एक खासगी खिडकी उघडे. तिथे आज्ञा देऊन फोल्डर चाळायचे, हवी ती फाईल मागायची. ज्यांना इतका खटाटोप नको होता ते आपल्या फायलींची यादी साध्या मजकुराच्या स्वरूपात वाटत. यादीतली ओळ उचलून चॅनेलमध्ये चिकटवली की मागणी नोंदली जाई.

आता आकडेमोड करू, कारण त्या समाजाचे सगळे रीतिरिवाज या आकड्यांतून निघाले आहेत. १२८ केबीपीएसने भरलेले चार मिनिटांचे एमपीथ्री गाणे सुमारे ३.८ एमबीचे होते. घरगुती मोडेम '५६ के' म्हणून विकला जाई, पण तो वेग उतरवून घेण्याचा. चढवण्याची कमाल मर्यादा ३३.६ होती. म्हणजे घरून फायली देणारा माणूस सेकंदाला फार तर साडेतीन-चार केबी देऊ शके. एका गाण्याला अठरा मिनिटे. रांगेत पुढे सात जण असतील तर दोन तासांहून अधिक, आणि तेवढा वेळ फोनचे मीटर चालू. मध्येच लाइन तुटली तर? पुढे तुटलेल्या ठिकाणापासून फाईल सुरू करण्याची सोय आली, तोवर पुन्हा श्रीगणेशा.

या टंचाईतून रांग जन्मली. प्रत्येक सर्व्हरचा स्वामी ठरावीक वेळाने चॅनेलमध्ये दवंडी पिटी: पाठवणी २ पैकी २, रांग १० पैकी ७, गुणोत्तर १ : ३. शेवटच्या आकड्याचा अर्थ असा की एक एमबी द्याल तर तीन एमबी घ्याल. नुसते घेणाऱ्याला 'लीच', म्हणजे जळू, म्हणत. उलट काही स्वामी उदारपणे 'लीच मोड' जाहीर करत, तेव्हा गुणोत्तर माफ. चॅनेलचे चालक आडदांडांना हाकलत, वारंवार त्रास देणाऱ्याला बंदी घालत, आणि भरवशाने फायली देणाऱ्याच्या टोपणनावापुढे मानाचे '+' चिन्ह लावत. ही गुणोत्तराची चाल आयआरसीचीही नव्हे. ती टेलिफोनवरून चालणाऱ्या बुलेटिन बोर्डांकडून आली, आणि त्यांतला पहिला बोर्ड १९७८ साली शिकागोत सुरू झाला होता. नॅपस्टरला गादीवरून उतरवून तिथे आयआरसीला बसवा, असे मला म्हणायचे नाही. मुळात ही गादीच खोटी आहे.

मग मानवी स्वामीची जागा यंत्राने घेतली. 'एक्सडीसीसी' म्हणजे क्रमांक लावलेल्या गठ्ठ्यांचे दुकान आणि दुकानदार एक बॉट. बॉटला निरोप धाडायचा, 'एक्सडीसीसी सेंड #१२', की बारावा गठ्ठा येऊ लागे. विनवणी नाही, गुणोत्तर नाही, फक्त रांग. जपानी ॲनिमे मालिकांना हौशी गटांनी जोडलेली इंग्रजी उपशीर्षके जगभर पोहोचली ती मोठ्या प्रमाणावर या वाटेने. त्या फायली बहुधा १७५ एमबीच्या असत, कारण ७०० एमबीच्या सीडीवर बरोबर चार भाग बसतात. सेकंदाला चार केबी या वेगाने एका भागाला बारा तास लागत. माध्यमांच्या इतिहासात ॲनिमेच्या जागतिक प्रसारावर पानेच्या पाने लिहिली जातात. त्यांत आयआरसीला एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ.

आता नॅपस्टरकडे वळू. फॅनिंग आयआरसीवरच वाढलेला होता. 'नॅपस्टर' हे त्याचे तिथले टोपणनाव. शॉन पार्करची ओळख तिथलीच, आणि प्रणाली लिहिताना ज्यांची मदत झाली ते 'वूवू' गटाचे प्रोग्रॅमरही आयआरसीवरचेच. त्याने नवे काय केले? माणसामाणसांच्या हाती विखुरलेल्या याद्या एका कंपनीच्या सर्व्हरवर एकत्र केल्या आणि शोधाची खिडकी दिली. फाईल तर तिथेही एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर थेटच जात होती. गुणोत्तर, दवंडी, चालकाची मर्जी हे सगळे गळून पडले. सोय प्रचंड वाढली, हे मी नाकारत नाही. पण ज्याला 'शोध' म्हणून मिरवले जाते ते एका चालू व्यवस्थेचे केंद्रीकरण होते. वंशावळीतून बापाचे नाव खोडून मुलाला मूळपुरुष म्हणण्याचा हा प्रकार आहे.

मग विस्मरण का झाले? उत्तर त्या 'डीसीसी सेंड'च्या ओळीत आहे. नॅपस्टरची यादी कंपनीच्या सर्व्हरवर होती; म्हणून खटला भरायला कोणीतरी सापडले, आणि फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यावर तीच यादी कंपनीच्या गळ्याचा फास झाली. खटला म्हणजे कागद: अर्ज, शपथपत्रे, तज्ज्ञांचे अहवाल, निकाल. गुंतवणूकदार म्हणजे आणखी कागद. आयआरसीची जाळी मात्र स्वयंसेवक चालवत. सर्व्हर विद्यापीठांनी वा सेवा पुरवणाऱ्यांनी दिलेले, उत्पन्न नाही, फायलींची यादी सर्व्हरवर नाही, फाईलही त्यातून गेलेली नाही. ओढून न्यायालयात न्यावे असा प्रतिवादी सहजी सापडत नव्हता. न्यायालयाचे दप्तर तयार झाले नाही, म्हणून इतिहासकारांच्या लेखी घटनाच घडली नाही! साधनांचा अभाव आणि घटनेचा अभाव यांत गल्लत करणे, हा दोष राजवाड्यांच्या महाराष्ट्रात तरी क्षम्य मानू नये. ते अस्सल कागदांच्या शोधात गावोगाव का हिंडले, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, दप्तर आहे की! ११ डिसेंबर २००१ ला अमेरिकेच्या पुढाकाराने सहा देशांत एकाच वेळी छापे पडले, 'ऑपरेशन बक्कनीअर'. १९९३ साली मॉस्कोत सुरू झालेला 'ड्रिंकऑरडाय' हा गट त्यात मोडला, लोक तुरुंगात गेले, कागद विपुल आहेत. खरे आहे. पण हे कागद सॉफ्टवेअरची कुलपे तोडणाऱ्या बंदिस्त गटांचे आहेत. ते गट सार्वजनिक चॅनेल्सना तुच्छ लेखत आणि आपला माल तिथे जाऊ नये असे नियम करत. शिवाय फिर्यादीच्या कागदांतून दिसतो तो आरोपी. पेंढाऱ्यांची माहिती आपल्याला मुख्यतः कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांच्या लेखणीतून मिळते, आणि तेवढ्यावर विसंबून पेंढाऱ्यांचा समाज कसा होता हे सांगता येत नाही. इथेही तसेच.

दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही सोडायला मी तयार नाही. 'ते दिवस किती निरागस, ज्ञान कसे मुक्त वाटले जाई' असे उसासे टाकणारे पुष्कळ भेटतात. मुक्त? जिथे दिल्याशिवाय मिळत नव्हते तिथे? एक्सडीसीसीच्या कित्येक बॉटची वेगवान यंत्रे चोरीची होती: विद्यापीठांच्या जाळ्यांतले, दुबळ्या पासवर्डचे संगणक हेरून त्यांत बॉट पेरला जाई आणि वापराचा भार संस्थेवर पडे. वाटले जाणारे बरेचसे साहित्य दुसऱ्याच्या हक्काचे होते, हेही लपवण्यात अर्थ नाही. आणि डीसीसीतून विषाणूही मुक्तपणेच फिरत. मे २००० मधला 'आय लव्ह यू' सर्वांना ईमेलचा विषाणू म्हणून आठवतो. तो एमआयआरसीची 'स्क्रिप्ट' नावाची फाईलही बदले आणि त्या चॅनेलमध्ये येणाऱ्यांना डीसीसीने स्वतःची प्रत पाठवू लागे. हा तपशीलही लोकप्रिय कथनांतून गळतो, आणि तो गळण्याचे कारण वेगळे नाही.

आपल्याकडचे काय? विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, त्यात मुंबई पहिल्या शहरांत होती. पुढे सायबर कॅफे आले आणि अनेकांची आयआरसीशी गाठ तिथे पडली. कॅफेत उतरवलेले गाणे घरी न्यायचे तर १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर, म्हणजे ३.८ एमबीच्या गाण्याचे तुकडे पाडायचे, तीन फ्लॉप्या भरायच्या, आणि घरी तिसरी खराब निघाली की कपाळाला हात. मराठी तरुणांच्या एका पिढीचा हा अनुभव आहे. त्याची नोंद कुठल्या ग्रंथात आहे, कोणी दाखवावी.

आयआरसीच्या नोंदी जपताच येत नाहीत, असेही नाही. १९९१ चे आखाती युद्ध आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघात झालेला सत्तापालटाचा प्रयत्न, या दोन्ही वेळी चॅनेल्सवर झालेला संवाद 'इबिब्लिओ' या संग्रहात आजही वाचायला मिळतो. तिथे संवादाचा विषय राजकारण होता, म्हणून कोणाला तो जपावासा वाटला. रांगेत उभ्या असलेल्यांचे बोलणे कोण जपणार?

२००२ च्या अखेरीपासून 'डॅलनेट' या मोठ्या जाळ्यावर यंत्रांना नुसत्या गर्दीने गुदमरवणारे हल्ले महिनोन्महिने झाले, आणि २००३ मध्ये त्याने फायली वाटण्यासाठीच असलेली चॅनेल्स बंद करण्याचे धोरण लागू केले. जी मंडळी उठली ती काही दुसऱ्या जाळ्यांवर गेली, काही बिटटोरेंटकडे. डीसीसी तेव्हा मेले नाही. आजही काही चॅनेल्सवर पुस्तकांच्या याद्या जुन्याच पद्धतीने वाटल्या जातात. पण त्या काळातल्या दवंड्या, याद्या, रांगेतली भांडणे, चालकांचे लिहिलेले नियम हे सारे कोणाच्या तरी जुन्या हार्ड डिस्कवर उरले असेल तर असेल, आणि त्या डिस्क भंगारात चालल्या आहेत.

म्हणून एक काम सांगतो. घरातला २००५ च्या आधीचा संगणक कोणाला द्यायचा असेल तर त्याआधी त्यात एमआयआरसीचा फोल्डर आहे का ते पाहा. काका, मामा, मोठ्या ताईलाही विचारा. तेव्हा नोंद ठेवण्याची सोय चालू केलेली असेल तर आत 'लॉग्स' नावाचा उपफोल्डर सापडेल. डीसीसीने आलेल्या याद्या 'डाउनलोड'मध्ये असतील. त्यांची प्रत काढा, फाईलची मूळ तारीख बदलू देऊ नका, आणि त्यांत खासगी बोलणे वा कोणाची खरी नावे असतील तर ती जाहीर करू नका. या साध्या मजकुराच्या फायली आहेत, नोटपॅडमध्ये उघडतात.