सेकंडहँड डॉमिनार, दुपारी दोन वाजता

रस्ता तर भाऊ झक्कास झालाय! अमरावती-अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी झाला आणि थेट गिनीज बुकात गेला. असा रस्ता दाराशी आणि पार्किंगमध्ये मात्र शंभर सीसीची गाडी, हे दुःख ऑफिसातल्या निम्म्या पब्लिकला आहे. नवी टूरिंग बाईक पगारात बसत नाही. मग नजर जाते सेकंडहँड डॉमिनार ४००वर.

३७३ सीसीची ही गाडी डिसेंबर २०१६मध्ये आली. सुरुवातीच्या काही गाड्या एबीएसशिवाय विकल्या गेल्या, तेव्हा स्वस्त मिळतेय म्हणून उड्या मारण्याआधी चाकाजवळ वाकून बघा. २०१९च्या मॉडेलला पुढचे फोर्क उलटे आहेत आणि ताकदही जास्त. थोडे जास्त पैसे गेले तरी तेच घ्या, असं माझं स्पष्ट मत.

बघायला कधी जायचं? दुपारी दोनला! मालक म्हणणार, "भाऊ, काई पाहाचं काम नाई, गाडी एकदम मक्खन हाय." आधी इंजिनला हात लावा (जपून). गरम लागलं तर समजा, तुम्ही यायच्या आधीच कोणीतरी स्टार्ट करून ठेवलीय. मग बोरगाव मंजूपर्यंत चक्कर मारा. परत आल्यावर गाडी उभ्या उभ्या चालू ठेवा. लिक्विड-कूल्ड इंजिन आहे, त्यामुळे अकोल्याच्या उन्हात रेडिएटरचा पंखा फिरलाच पाहिजे. खाली कूलंट ठिबकतंय का, तेही बघा. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. रनिंग 'फक्त आठ हजार' आणि टायर मात्र नुकताच बदललेला? मग विचारा की राव!

खरी गोची कागदांत आहे. "टीटी फॉर्मवर सही करून देतो, नावावर नंतर करून घ्या," हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. गाडी नावावर होईपर्यंत आरटीओच्या लेखी मालक तोच. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सुप्रीम कोर्टाने २०१८मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे घाई खरं तर त्यालाच हवी! तुमच्या बाजूने बघाल तर विमा चौदा दिवसांत नावावर करायला टाका. नाहीतर तुमच्याच गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. फॉर्म २९ आणि ३० भरायचे. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी आधी हातात घ्या. जुनी ई-चलानं त्याच्याकडूनच भरून घ्या.

आणि थोडी रक्कम नाव बदलेपर्यंत रोखून ठेवा. "विश्वास नाई का भाऊ?" असं तो विचारेलच. हसून सांगा, विश्वास आहे ना, म्हणून तर टोकन दिलं.